पक्का रंग

काका रंगारी. लोकांचे विटलेले कपडे पुन्हा रंगवून द्यायचे. मनगटापर्यंत हात कायमचे निळे, लग्नाच्या फोटोतही पाठीमागे लपवलेले. माणसांसाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते, पक्का नाहीतर कच्चा. जावई कच्चा. माझ्याबद्दल म्हणायचे, "हा एकदा धुतल्यावर कळेल."

काकांच्या फुप्फुसातली गाठ काढली. तिचा रिपोर्ट ऐकायला मी सोबत गेलो, कारण काकूचे गुडघे आणि माझी डिग्री, दोन्ही घरात बसून होती.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. "गाठीत एक प्रथिन आहे का, ते आम्ही रंग लावून बघतो. फिकट आला तर पेशंट सहसा बरीच वर्षं काढतात. गडद आला तर आजार उलटायची भीती जास्त."

काका चष्मा सावरत पुढे वाकले. "तपकिरी. चांगलाच धरलाय."

"हो, गडद आहे. पण काका, हा अंदाज असतो. औषधं सुरू करू आपण."

"करा की. पण रंग पक्का आहे, बाई."

बाई औषधांची चिठ्ठी लिहू लागल्या.

रिक्षात काका म्हणाले, "काकूपुढे तोंड उघडू नकोस. तेवढं तरी जमतंय का बघू."

काकू दारातच उभी. "काय म्हणाले?"

"रंग लावून बघतात गं. पक्का निघाला."

त्या घरात पक्का म्हणजे चांगलं, दुसरा अर्थच नव्हता. काकू मटकन पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत हसली. मग शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अगं, यांचा पक्का निघाला." शेजारणीला कळलं काहीच नाही, पण तीही खूश झाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी बंद पडलेली भट्टी पेटवायला लावली. काकूची शाल कित्येक वर्षं 'आधी गिऱ्हाइकांचं' म्हणून पडून होती. तिला वांगी रंग हवा होता. शाल मी ढवळली. काका स्टुलावर बसून खोकत होते आणि मधूनमधून माझी अक्कल काढत होते.

काकूने शाल पुन्हा पुन्हा खळबळली. बादलीतलं पाणी स्वच्छच राहिलं.

"थेंबभर उतरला नाही हो. माझ्या जन्माला पुरेल."

"पुरायलाच हवा," काका म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. रंगात त्या दिवशी हात फक्त माझे होते.