कुई युफेन कुठे गेली?

छ्वे ओकबुनला सकाळपासून सगळ्यांचाच राग येत होता. साथ आली आणि म्हाताऱ्यांच्या दवाखान्यातलं तिचं शुश्रूषेचं काम सुटलं. परदेशी कामगारांच्या नाकात काड्या घालायच्या होत्या, तेव्हा सरकारी कचेरीला तिचा पत्ता बरोब्बर सापडला होता. मदत वाटायची म्हटल्यावर मात्र परदेशी सगळ्यात शेवटी, आणि तेही आज संध्याकाळपर्यंतच. ती मदत मिळाली तर खोलीचं भाडं भागणार होतं. नाहीतर उद्या घरमालकीण बिऱ्हाड रस्त्यावर काढणार होती.

आणि परदेशी तरी कसली? आजोबा इथलेच, कोरियातले. पोटासाठी चीनमध्ये यानब्यानला गेले आणि तिथलेच झाले. घरात बोलणं कोरियन, बरणीत किमची. तिकडे शेजारी तिला कोरियन म्हणून हिणवायचे, इकडे आली तर लोक चिनी म्हणून नाक मुरडतात.

कचेरीच्या अंगणात माणसं लांब लांब उभी होती. मास्कआडून कारकून पोरगी ओरडली, "कुई युफेन!"

कोणी हललं नाही.

"कुई युफेन! आहेत का?"

"कोण ही बया?" ओकबुन करवादली. "सगळ्यांचा खोळंबा नुसता! नाही आली ती, पुढचं नाव घ्या बाई!"

पोरीने पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. अंगण रिकामं व्हायला आलं तशी ओकबुन खिडकीशी गेली आणि तिने ओळखपत्र आपटलं. "छ्वे ओकबुनला कधी बोलावणार? उद्या?"

पोरीने कार्ड पाहिलं. "मावशी, कुई युफेन तुम्हीच की!"

ओकबुनने डोळे बारीक केले. तिच्या नावाचा चिनी उच्चार कोणीतरी इंग्रजी अक्षरांत उतरवला होता, आणि ती अक्षरं या पोरीने आपल्या मनाने वाचली होती.

"अगं, चीनमध्येसुद्धा मला असं कोणी म्हणत नाही!"

"मी काय करू? कार्डावर हेच आहे. राहिलेली नावं शेवटी पुन्हा एकदाच पुकारणार. ओ दिली नाही तर मदत गेली."

ओकबुन धुसफुसत पायरीवर बसली. कानांनी पुन्हा दगा देऊ नये म्हणून ते नाव घोकू लागली.

शेजारच्या व्हिएतनामी बाईने विचारलं, "कुणाची वाट बघताय, मावशी?"

"आहे एक कुई युफेन," ओकबुन म्हणाली. "त्या मेलीने ओ दिली, तरच आज मला घर आहे."