मोरूनानांची ‘भरती’ आणि ऐकणाऱ्यांची मतं

कोरसमध्ये गाणाऱ्याचा एक मोठा फायदा असतो. कार्यक्रम संपला की लोक मत द्यायला धावतात ते मुख्य गायकाकडे. आपण बाजूला उभं राहायचं, थर्मासातला चहा प्यायचा आणि कान उघडे ठेवायचे! मी अशी कितीतरी वर्षं मोरूनानांच्या डाव्या हाताला उभी राहिले. त्यामुळे गाणी नानांची आणि किस्से माझ्याकडे, अशी आमची वाटणी झाली. आता डोंबिवलीच्या घरी कुणी आलं, की चहाचे कप टेबलावर यायच्या आत आमचे हे म्हणतात, “सुलभा, तो रिक्षावाल्याचा सांग ना!” आणि एक सांगायला घेतला की दुसरा न बोलावता आत येऊन बसतो.

मोरूनाना म्हणजे मोरेश्वर नाखवा. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. दिवसा वागळे इस्टेटमध्ये फिटर, संध्याकाळी गवई. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज तर त्यांचाच. ठाण्यापासून कल्याणपर्यंत हळदीच्या मांडवात त्यांची गाणी वाजायची आणि नवरदेवाचे काका पार घामाघूम होईपर्यंत नाचायचे. रिटायर झाल्यावर नानांनी जाहीर केलं, “आता देवाचं गानार.”

आम्हाला वाटलं, झालं! आता डोळे मिटून, मान हलवून काहीतरी संथ येणार. पण गाणी ऐकली आणि आम्ही उडालोच. गाणी देवाची, पण बसून ऐकताच येत नव्हती! कॅसेटचं नाव त्यांनी ठेवलं ‘भरती’. खाडीला येते ती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्यानंतरची दोनतीन वर्षं आम्ही फक्त मतं ऐकत फिरलो, असं म्हटलं तरी चालेल!

*

रेकॉर्डिंग डोंबिवलीत एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, आणि आम्ही सगळे उकडून निघालेलो. कीबोर्डवर मिलिंद. तो बँकेत होता, पण जीव सगळा परदेशी गाण्यांत. पहिलं गाणं झाल्यावर तो एकदम भारावून म्हणाला, “नाना, तुम्हाला माहितीये का तुम्ही काय गायलात? असं देवासाठी, आतून, टाळ्या वाजवत गातात ना, त्याला तिकडे सोल म्हणतात!”

नानांनी घाम पुसला. “सोल? आमी कालवनात टाकतो.”

“आमसूल नाही हो नाना! सोल! म्हणजे आत्मा!”

“मंग बरोबर हाय,” नाना म्हणाले, “त्याबिगर कालवनाला चव नाय!”

मिलिंद अजून शंका काढत होता. देवाचं गाणं इतकं हसऱ्या चालीत लोकांना चालेल का, थोडं सावकाश घेऊ या का. नाना म्हणाले, “अरे, देवाकडं जायचं म्हंजे काय सुतकाला जायचं हाय का, तोंड पाडून?”

पुढचं गाणं आम्ही आणखी जलद घेतलं!

*

पहिलं मत अर्थातच घरचं. नानांची बायको नानी, बाजारात मासे विकायची. तिच्यापुढे बोलायची टाप कुणाची नव्हती, नानांचीही नाही. कॅसेट तयार होऊन आली त्या दुपारी तिने पाटी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि टेपरेकॉर्डरसमोर बसली. आम्ही सगळे श्वास रोखून.

एक बाजू झाली. दुसरी झाली. नानांनी विचारलं, “कसा वाटला?”

नानी म्हणाली, “आवाज बरा हाय. पन घरी कंदी इतका हसून बोलला नाय!”

*

कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांची अडचण वेगळी होती. आयुष्यभर त्यांनी मोरूच्या गाण्यावर कंबर हलवलेली. आता त्याच आवाजात देवाचं नाव आलं, तेव्हा त्यांचं जरा अवघड झालं. होळीच्या आधी जेटीवर सगळे बसलेले असताना त्यातले एक बाबा उठून म्हणाले, “मोरू, यक काय ते सांग. याच्यावर नाचायचं का हात जोडायचं?”

“तुला आधी काय येतं?”

“नाच!”

“मंग त्यानं सुरुवात कर. हात नंतर आपसूक जुळतील!”

*

डोंबिवलीत मात्र आमची परीक्षा होती. आमच्या सोसायटीत एक गोखले सर होते. रिटायर्ड हेडमास्तर, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि मत विचारलं नसतानाही देणारे. नाना माझ्याकडे आलेले कळल्यावर सर स्वतःच वर आले. मी कॅसेट लावली. परीक्षा अशासाठी, की नानांना मानणारे खूप होते, पण नाना स्वतः ज्यांना मानायचे त्यातले सर एक होते.

सर ताठ बसले. एक गाणं झालं. म्हणाले, “हे भक्तिसंगीत नव्हे. गांभीर्य नाही.”

मी टेप बंद करायला उठले.

“थांबा!” सर म्हणाले. “बंद कुणी करायला सांगितली? मला हे पटलेलं नाही, एवढंच म्हणालो. दुसरंही पटत नाही का, ते पाहायला नको?”

दुसरं पटलं नाही. तिसरंही पटलं नाही. बाजू संपली, सरांनी स्वतः उठून कॅसेट उलटली. तीही त्यांना साफ नापसंत! जाताना दारात चपला घालता घालता ते नानांना म्हणाले, “नाखवा, मी माझ्या मतावर ठाम आहे. उद्या पाचला पुन्हा येतो. तेव्हाही पटणार नाही.”

आणि आले हो! पाचच्या ठोक्याला! येताना बायकोलाही घेऊन आले. म्हणाले, “हिलाही पटत नाही का बघू.”

*

कल्याणला शिवाजी चौकाजवळ आमच्या ओळखीच्या एकाचं कॅसेटचं दुकान होतं. नाना कधीमधी तिथे काउंटरच्या आत स्टुलावर बसून राहायचे. कोण घेतं, कसं घेतं, बघायचे. एकदा एक उंचापुरा मुलगा आला आणि शोकेसमध्ये बोट दाखवून म्हणाला, “ती भरतीची द्या.”

नाना खूश! आपणहून नाव घेऊन मागितली! त्यांनी स्वतः पुसून हातात दिली. मुलाने उलटून पालटून पाहिली. “यात गोळाफेकीचं पण आहे ना?”

पोलीस भरतीची तयारी करत होता तो! दुकानदार हसून हसून खाली बसला. नाना मात्र हसले नाहीत. मुलाला म्हणाले, “गोळाफेक नाय. पन घेऊन जा, पळताना कामाला येईल.”

मुलाने नेली. काही महिन्यांनी तोच मुलगा पेढे घेऊन दुकानात हजर. सिलेक्ट झालेला. पहाटे मैदानावर पळताना तो ‘भरती’ वॉकमनवर लावायचा म्हणे. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि दुकानदाराकडे वळून इतक्या ऐटीत म्हणाले, “बगा! माज्या कॅसेटीनं पोलीस झाला!”

त्यानंतर पाच-सहा मुलं दुकानात येऊन ‘ती पोलीसवाली’ मागून गेली. दुकानदाराने एकालाही खरं सांगितलं नाही.

*

आता रिक्षावाल्याचा. मी आणि नाना कल्याण स्टेशनला उतरून एका कार्यक्रमाला चाललेलो. रिक्षात बसलो आणि काय, स्पीकरमधून नानाच! मी तोंड उघडणार तेवढ्यात नानांनी मला कोपराने ढोसलं. गप्प बस, म्हणून. आणि एकदम भोळा चेहरा करून विचारलं, “भाई, कौन गा रहा है?”

रिक्षावाला बनारसकडचा होता. म्हणाला, “नाम नहीं मालूम, चाचा. कोई बुड्ढा है.”

“अच्छा गाता है?”

रिक्षावाल्याने सिग्नलला मागे वळून बघितलं. “गाता नहीं है, बुलाता है!”

नाना पार विरघळले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. हळूच विचारलं, “किसको? भगवान को?”

“अरे नहीं चाचा, सवारी को! जब से लगाया है, रिक्षा खाली नहीं घूमती!”

उतरल्यावर नाना रिक्षा वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सुलू बाय, सवारीत पन देवच बसतो ना?”

“बसतो ना, नाना.”

“मंग त्यानं दोनी बरोबर सांगितलं!”

*

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर कॅसेटचे ढीग लावून विकायचे. तिथे मिलिंदला ‘भरती’ दिसली. पण कव्हरवर नानांऐवजी कुठल्यातरी दाढीवाल्या महाराजांचा फोटो! साफ डुप्लिकेट. मिलिंद तणतणत कोळीवाड्यात आला. “नाना, आपण पोलिसांत जाऊ! हा दरोडा आहे!”

नानांनी कॅसेट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. “आवाज माजाच हाय?”

“तुमचाच! फोटो दुसऱ्याचा!”

“अरे, तीस वर्षं गायलो, कोन चोरायच्या लायकीचा समजला नाय! आज समजला!” आणि आत वळून मोठ्याने म्हणाले, “नानी, ह्या पोराला चाय दे! मोठी बातमी घेऊन आलाय!”

*

टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाने नवरात्रात बोलावलेलं. रस्ताभर माणसं. सेक्रेटरी स्टेजच्या मागे येऊन बजावून गेला, “नाना, देवाबिवाचं नको. पब्लिक हळदीच्या गाण्यांना आलंय.”

नाना माईकसमोर उभे राहिले आणि ‘भरती’चंच पहिलं गाणं धरलं! दुसऱ्या ओळीला समोरून एक जण हात वर करून ओरडला, “ओ नाना, हळदीचं!” मग चार जण ओरडले. मग वीस. सेक्रेटरी खालून गळ्यावर बोट फिरवून दाखवतोय, बंद करा, बंद करा!

नानांनी गाणं थांबवलं. मला वाटलं, हरले. ते माईकवर म्हणाले, “तुमच्या लग्नात मी गायलो. तुमच्या पोरांच्या लग्नात गायलो. कंदी म्हटलं नाय की माजं ऐका. आज एवढं यक माजं ऐका. मंग सकाळपत्तर तुमचं.”

एकदम शांत झालं. आणि नानांनी पुन्हा पहिल्यापासून उचललं. असा आवाज मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ध्रुवपदाला पुढच्या बायका टाळ्या धरायला लागल्या, मग मागच्या, मग गॅलऱ्यांतल्या. अख्खा रस्ता एका ठेक्यात! आम्ही कोरसवाल्या गायचं विसरून बघत राहिलेलो.

गाणं संपलं. नाना म्हणाले, “हां, आता हळदीचं बोला, कनचं?”

तोच मघाचा माणूस, तोच हात वर. “ओ नाना, हेच परत!”

*

आणि हा शेवटचा.

कल्याणहून एक साठे म्हणून गृहस्थ नानांच्या घरी आले. बारीक, संकोची माणूस. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, “राग मानू नका, पण एक तक्रार आहे. माझी नाही, बायकोची.”

त्यांच्या पत्नी सुमतीबाई. त्यांना लहानपणापासून दमा. माहेरी असताना गायच्या, मग धाप लागायची म्हणून गाणं सुटलं ते सुटलंच. साठ्यांनी लग्नानंतर त्यांना कधी गाताना ऐकलंच नव्हतं. ‘भरती’ घरी आली आणि बाई स्वयंपाकघरात कॅसेटबरोबर गायला लागल्या! पण शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला अडायच्या.

“ती ‘काठ सुटला, दोर सुटला, हात तुझा सुटेना रे’ ओळ,” साठे म्हणाले, “तुम्ही एका दमात घेता. तिला तेवढा श्वास पुरत नाही. हात सुटेना, एवढं राहूनच जातं. ती म्हणते, त्यांना सांगा, मध्ये जागा का ठेवली नाही?”

मिलिंद तिथेच होता. तो समजावायला लागला, की काका, ते तसंच आहे, मध्ये थांबलं तर ताल तुटतो. नानांनी त्याला हाताने गप्प केलं. ओळ स्वतःशीच एकदा गुणगुणून बघितली. मग म्हणाले, “मी खाडीवर वरडून वरडून वाढलो. मना पुरतो श्वास. पन गानं काय मी यकट्यानंच गायचं हाय?”

“अहो नाना, पण ताल...”

“ताल थांबंल. त्या बाईनं थांबायचं नाय!”

पुढचा कार्यक्रम कल्याणलाच होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. साठे पत्नीला घेऊन आलेले. पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या, निळी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. नानांनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटचं गाणं आलं. शेवटचं कडवं. नानांनी म्हटलं, “काठ सुटला, दोर सुटला...” आणि हात वर करून थांबले. ढोलकी थांबली, कीबोर्ड थांबला, आम्ही थांबलो. भरलेल्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल असं!

आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक बारीक, थरथरता, पण एकदम सुरातला आवाज आला, “हात तुझा सुटेना रे...”

नानांनी पुढे गायलंच नाही. हात तसाच वर. बाईंनी ओळ धरली, लांबवली, पार शेवटपर्यंत नेली आणि समेवर आणून ठेवली. सगळा हॉल त्यांच्याकडे वळून बघत होता. साठे रडत होते. सुमतीबाईंचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या सरळ स्टेजकडे बघून, मोठ्याने, नानांना म्हणाल्या,

“पुरला!”