चौकटीतलं वारूळ

आमच्या शेजारच्या काकू माणूस ओळखायच्या तो उधईवरून, म्हणजे वाळवीवरून. आष्टीजवळच्या आमच्या गावात, गायरानात बकऱ्या चारण्यात त्यांचा जन्म गेला. बकऱ्या चरत आणि काकू उधई बघत. गाव त्यांना उधईकाकूच म्हणे.

त्यांच्या मते उधई तीन तऱ्हेची. एक वारूळवाली, घर लांबून दिसलं पाहिजे. हे आमचे सरपंच. दुसरी लाकडातली, वरचा रंग शाबूत ठेवते, आतून पोखरते. "हा माहा जवाई. मामी, मामी करते अन् फ्रिज घेऊन जाते." तिसरी गवतातली, घरच दिसत नाही, भोकातून निघते, काडी तोडून जमिनीत नेते.

मी भीत भीत विचारलं, "अन् मी?"

"तू गवतातली. बोलत नाई, पण सारं आत नेऊन ठेवतं."

नागपंचमीला आम्ही सुना गायरानातलं वारूळ पूजायला जायचो. त्या दिवशी उशीर का झाला म्हणून सासू विचारत नसे. दुपारभर बसायचो. वर्षभराचं मी तिथंच काकूंजवळ बोलायची.

बायांची सोय करायची म्हणून सरपंचांनी तिथं नागोबाचं सभागृह बांधलं. जागा सपाट हवी, म्हणून जेसीबीनं आधी वारूळच काढलं.

"भाऊ, नागोबाचं घर बांधाले नागोबाचंच घर काऊन पाडलं?"

"काकू, आत टाइल्स हायेत. त्याले बी बरं वाटन."

चावी सरपंचांकडे गेली. आत पुरुषांचे पत्ते. आम्हाला म्हणत, पूजा करा अन् निघा.

दोन पावसाळ्यांनी सागवानी चौकटीवर मातीची रेघ चढली. ऐन पंचमीला सरपंच औषधाचा डबा घेऊन आले. काकूंनी रेघेला हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या.

"वारूळ परत आलं, भाऊ."

"काकू, ही उधई होय."

"मंग आधी काय होतं?"

साऱ्या बायांनी हात जोडले. निवडणूक जवळ होती, सरपंचांनीही जोडले. दार लावलं तर रेघ तुटेल, म्हणून कुलूप गेलं. बायका येता-जाता बसू लागल्या, तसे पत्तेवाले पारावर गेले.

काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या. यंदा पंचमीला सरपंच सुताराला घेऊन आले. सागवानी चौकट काढून लोखंडी बसवायची, नवं कुलूप लावायचं. बायका माझ्याकडे का बघत होत्या कोण जाणे. मी पुढे झाले, हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "राहू द्या, भाऊजी. नागोबा आत हाय."

सरपंच माझ्या जाऊबाईंना म्हणाले, "हिले बोलता येते?"

"गवतातली हाय ते," जाऊबाई म्हणाल्या आणि आत जाऊन पाय पसरून बसल्या.