परतीचं तिकीट आधी काढा

आमच्या बेटावर स्तामाता मावशीच्या भाड्याच्या तीन खोल्या आहेत. तिन्हींच्या दारामागे तिच्या हातची एकच यादी चिकटवलेली. पैसे रोख आणा, इथलं एटीएम शुक्रवारीच रिकामं होतं. संडासात कागद टाकू नका. नळाचं पाणी पिऊ नका. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत: ऑगस्टात परतीच्या बोटीचं तिकीट आधी काढा, मग पोहायला जा. कोणी हसण्यावारी नेलं, तर मावशी त्याला हाताला धरून तिकिटाच्या खिडकीशी नेई. वीस वर्षांत तिचा एकही पाहुणा अडकला नाही. हे ती मिरवायची, आणि का मिरवू नये?

तिचा मुलगा आरिस तेलाच्या जहाजावर. दोन वर्षं भेट नाही. ऑगस्टातल्या एका सोमवारी त्याचा फोन आला, जहाज उद्या अथेन्सच्या बंदरात, पिरेयसला लागतंय, मला सहा तास सुट्टी आहे, ये.

मंगळवारी सकाळी मावशी ठेवणीतला झगा घालून, डब्यात भात भरून भाजलेले टोमॅटो घेऊन धक्क्यावर हजर. बोट भरलेली. शेवटचं तिकीट तीन आठवड्यांपूर्वी गेलेलं. पुढची बोट गुरुवारी.

मी तिचा शेजारी, तिला सोडायला आलेलो; बंदरावरच्या शिपायाच्या अंगावर गेलो. "चार वर्षं अर्ज करतोय. बेटावरच्यांसाठी आठ जागा राखून ठेवा. तुझ्या साहेबांनी त्या अर्जात मासे गुंडाळले का रे?"

"काका, एक माणूस जास्त सोडला तर माझी नोकरी जाईल."

रांगेत मावशीकडेच उतरलेलं एक डच जोडपं होतं. त्यातली बाई येऊन मावशीच्या गळ्यात पडली. "तुमचं ऐकलं म्हणून बरं. नाहीतर आज इथेच अडकलो असतो."

मी त्यांच्याकडे एक जागा मागणार, तोच मावशीनं माझी बाही धरली. "गप रे. उद्या पहाटे विमान आहे त्यांचं. आदल्या दिवशी निघा, हेही मीच सांगितलंय."

"मग तू माग जागा. तोंड शिवलंय का तुझं?"

"मागितली तर ती देईल. म्हणून तर मागत नाही."

मंत्र्याची गाडी अडवलेला माणूस मी. बोटीची फळी वर जाताना नुसता बघत राहिलो.

मावशीचा फोन वाजला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला सुचत असेल काही, असं वाटलं असावं तिला. मी तिच्या हातातला डबा घेतला.

"आरिस," ती म्हणाली, "धक्क्यावर उभा राहू नकोस, बाळा. ऊन आहे. कुठेतरी आत बस आणि खाऊन घे."