डल्सी मावशीची आखूड चटई

डल्सी मावशीचं डोकं मुळातच गरम, त्यात तिचा पाठचा भाऊ गेला. लांबची माणसं यायची म्हणून दफन पंधरा दिवसांवर ठेवलं. आमच्यात, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांत, शवपेटीवर घरच्या हातची लव्हाळ्याची चटई घालतात, आणि विणणारी आता ती एकटीच उरली होती. तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळून बोटं वाकडी झाली, तरी वीण घट्ट. मी नुकती शिकत होते; माझी चुकली की पाठीत धपाटा.

लव्हाळी वाळायला हवीत म्हणून दुसऱ्याच दिवशी मी तिला ॲडलेडबाहेरच्या राखीव उद्यानात नेलं. तळं तिच्या आईच्या ओळखीचं. प्रत्येक जुडग्यातून दोन-चार पाती घ्यायची, कोवळी सोडायची, हे ती तिथेच शिकलेली. जेमतेम पेंढी झाली तोच रखवालदार आला.

"बाई, इथलं काही उपटायला मनाई आहे."

"माझ्या भावाच्या पेटीसाठी नेतेय."

"ऐकून वाईट वाटलं. पण परवाना लागतो. अर्ज करा, सहा आठवड्यांत कळवतील."

"तोवर त्याला काय बर्फात ठेवू, मेल्या?"

त्याच्या पाठीमागेच फलक होता. त्यावर हा एवढा मोठा रंगीत फोटो: मावशीच, लव्हाळी उपटताना! खाली लिहिलेलं, 'इथले मूळ रहिवासी आजही ही कला जपतात.'

"डोळे फुटलेत का तुमचे?" मी ओरडले. "कोण आहे ती, बघा!"

त्याने फलक पाहिला, मावशीला पाहिलं. "तो फोटो आमच्या कार्यक्रमातला आहे. तेव्हा परवानगी होती." आणि अगदी अदबीने तिच्या हातातली पेंढी काढून घेतली. ती अदबच मला जास्त झोंबली. आजही आठवलं की अंगाची आग होते.

शेवटी आम्ही हमरस्त्याकडेच्या गटारातून लव्हाळी काढली. खुरटी, तेलकट, आणि तीही पुरेशी नाहीत. मावशीने ती तीनदा धुतली, वाळवली, चार दिवस शिव्या घालत विणली. पेटीवर घातली तेव्हा चटई निम्म्यातच संपली. पायाकडचं लाकूड सगळ्यांसमोर उघडं.

मावशी दात आवळून त्या उघड्या लाकडाकडेच बघत राहिली. माती लोटून झाली तरी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. भावासाठी रडण्याएवढीही जागा त्या रागाने तिच्यात ठेवली नव्हती.