ताईंच्या मापाचं पिस्तूल

या पृथ्वीवर एकही वस्तू निरुपद्रवी नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूभाऊ इथं कतारला, दोह्यात एका गॅस कंपनीत सेफ्टीचे मोठे इंजिनिअर आहेत. ऑफिस वेस्ट बेमधल्या एका उंच इमारतीत. लिफ्ट बंद पडली तर पंचाईत नको म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या. अबू हमूर भागातल्या त्यांच्या घरी जेवायला गेलं, की पानं वाढण्यापूर्वी आग लागल्यास कोणत्या दारानं बाहेर पडायचं हे सांगितलं जातं. एकदा माझ्या बायकोनं स्टुलावर चढून वरच्या कपाटातला चिवड्याचा डबा काढला, तर हे दोन्ही हातांनी स्टूल धरून खाली उकिडवे बसले. ती धडपणे उतरल्यावर म्हणाले, "तू पडली नाहीस हा निव्वळ योगायोग आहे, हे लक्षात ठेव."

अशा माणसानं बायकोसाठी पिस्तूल घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला आधी ती थट्टाच वाटली. पण साडूभाऊ थट्टा करत नाहीत. थट्टेतही कुणाला लागू शकतं.

त्याचं झालं असं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, इथल्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. निफाडजवळ त्या दोघांनी थोडी द्राक्षबाग आणि बांधावर दोन खोल्यांचं घर घेऊन ठेवलं होतं. ताईंनी एके दिवशी जाहीर केलं, "मी बाग बघायला जाते. तुमच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत, ती संपली की तुम्ही या." मळ्यातलं घर, हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेल्याचं कळलं. साडूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "छोटंसं, तिच्या हाताला झेपेल असं. माहिती काढायला लाग."

नाशिकच्या एका वकील मित्रानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की अर्ज ताईंच्याच नावानं करावा लागेल, पोलीस चौकशी होईल, आणि एवढं करून परवाना मिळेलच असं नाही. साडूभाऊंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "कागद होत राहतील. निवड आधी व्हायला हवी."

मग निवड सुरू झाली. ताईंचा उजवा पंजा आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवला गेला. तर्जनी किती लांब, मूठ किती रुंद, सगळं लिहून झालं. पिस्तूल हलकं हवं, हे तर ठरलेलंच होतं. पण वाचता वाचता त्यांना कळलं, की पिस्तूल जितकं हलकं तितका गोळी सुटताना हाताला झटका जास्त. जड घ्यावं तर मनगट दुखणार. साडूभाऊ हवालदिल झाले. "अरे, मुलीला स्थळं बघताना इतकी अडचण आली नव्हती!"

शेवटी त्यांनी खोक्याच्या फळ्या कापून, आत शिसं भरून, तीन वजनांची तीन लाकडी पिस्तुलं घरीच केली. कुणाचा गैरसमज नको म्हणून तिन्हींना भडक नारिंगी रंग दिला. ताई पोळ्या लाटत असल्या, की हे मागून येऊन म्हणत, "लाटणं ठेव. हे धर. मनगटाला कसं वाटतंय?"

"पिठाळ वाटतंय," ताई म्हणत.

पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायला बोटांत जोर लागतो, असं कुठंसं वाचल्यावर त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण करकचून आवळून ठेवायला सुरुवात केली. ताई ते उघडत, हे पुन्हा आवळत. तिसऱ्या दिवशी ताईंनी बरणीच लपवली, आणि साडूभाऊंनी आठवडाभर लोणच्याशिवाय वरणभात खाल्ला.

लाकडावर किती दिवस भागणार? गावाबाहेर एक नेमबाजीचा क्लब आहे. तिथं शिक्षकाच्या देखरेखीखाली नवख्यांनाही पिस्तूल चालवून बघता येतं. एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. शिक्षक होता एक धिप्पाड, हसरा इजिप्शियन. तो नियम सांगायच्या आत साडूभाऊंनीच त्याला नियम सांगायला सुरुवात केली. त्या भल्या माणसानं मान डोलावत सगळं ऐकलं आणि म्हणाला, "खलास? यल्ला." म्हणजे, संपलं? मग चला.

पहिली पाळी साडूभाऊंची. त्यांनी डोळे गच्च मिटून गोळी झाडली. समोरचा कागद कोरा राहिला. झोपलेलं तान्हं मूल खाली ठेवावं तसं त्यांनी ते पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग ताई उभ्या राहिल्या. टेबलावरच्या पिस्तुलांतलं सगळ्यांत छोटं उचललं, फळ्यावर वर्तुळ काढताना उभ्या राहत तशाच ताठ उभ्या राहिल्या, आणि पाच गोळ्या झाडल्या. चार तळहाताएवढ्या जागेत.

"माशाल्ला, मॅडम!" शिक्षक ओरडला.

मी टाळ्या वाजवल्या. साडूभाऊ कागदाकडे नुसते बघत राहिले.

परतताना वाटेत गाडी थांबवली. ताई चहा आणायला उतरल्या. साडूभाऊ समोर बघत म्हणाले, "तिचा हात जरासुद्धा हलला नाही रे."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं. पण मला वाटलं होतं, तिला जमणार नाही. घाबरेल. म्हणेल, नको बाई, मी इथंच राहते."

ताई तीन पेले सांभाळत खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं, ते मला माहीत नाही. आत बसून त्यांनी प्रत्येकाच्या हातात पेला दिला आणि म्हणाल्या, "अहो, पिस्तूल नको. ते घरात आणलं, की कुलूप लावलंस का म्हणून तुम्ही दिवसातून दहा फोन कराल. मी दोन कुत्री पाळीन, फाटकावर मोठा दिवा लावीन. पण जाणार हे नक्की."

साडूभाऊंनी चहाचा एक घोट घेतला. "कुत्र्यांना लस टोचून घे," ते म्हणाले.

ताई गेल्या त्याला आता सहा महिने झाले. साडूभाऊ शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात, आणि जेवण झालं की आम्ही सगळे मिळून ताईंना व्हिडिओ कॉल लावतो. मागच्या शुक्रवारी बोलता बोलता ताई सहज म्हणाल्या, की सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात नाग निघाला होता. पिंपामागे वेटोळं घालून बसलेला. त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, सर्पमित्राला फोन केला; तो तासाभरानं येऊन पोत्यात घालून घेऊन गेला.

आता साडूभाऊ व्याख्यान देणार, म्हणून माझ्या बायकोनं फोन जरा दूर धरला. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीतून विचारावं तसं विचारलं, "मग मला हाक का नाही मारलीस?"

आम्ही कुणी हसलो नाही.

"मारली होती हो," त्या म्हणाल्या. "दोनदा."