श्वास रोखा

आमच्या चेकअप सेंटरमध्ये माणसं रक्त देतात, लघवी देतात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. मी तिथं ईसीजी काढते, बीपी बघते. दिवसभर साठलेलं संध्याकाळी बाबांना रंगवून सांगायचं. हेतू एकच, हसता हसता त्यांनी तपासणीला तयार व्हावं. दौलताबादजवळच्या खडी मशीनवर दगडाची धूळ खात त्यांचं आयुष्य गेलं. खोकला दिवाळीपासून हटत नव्हता.

*

फुलंब्रीच्या एका मावशींना फोनवर सांगितलं होतं, "सकाळी उपाशीपोटी या." आल्या. शुगर भलतीच!

"मावशी, काही खाल्लं का?"

"नाय गं! कडक उपास. निस्ती साबुदाण्याची खिचडी अन् दोन केळं!"

बाबा खो खो हसले. हसण्याचा कधी खोकला झाला, कळलंच नाही.

*

एका आजोबांना म्हटलं, "घाबरू नका हं." तेवढ्यात बीपीचा पट्टा चर्रकन सुटला आणि किंचाळले मीच!

आजोबा उठले. "पोरी, तू बस हितं. मी मोजतो तुझं!"

बाबा म्हणाले, "तुला बघूनच लोकायचं बीपी वाढत असंल."

"मग या ना बघायला!"

"मला काय झालंय?"

*

एक्स-रे काढणारे आमचे सलीमभाई. एका पैलवानाला "श्वास घ्या, रोखा" म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. बोलून परत येतात तर पैलवान लालबुंद, डोळे बाहेर!

"अरे छोडो ना भाई!"

"तुमी सोडा म्हनलेच नाय ना!"

हा माझा हुकमी किस्सा. पण बाबा हसले नाहीत.

"इतका येळ रोखला त्यानं?" एवढंच विचारलं. मग जेवता जेवता म्हणाले, "उद्या येतो तुझ्यासंगं."

*

बाबा आले. शर्ट काढून प्लेटला छाती टेकवून उभे राहिले. पाठीची हाडं मोजता आली असती. मी काचेमागं, सलीमभाईंजवळ.

पहिला फोटो निघाला. एरवी सतत बडबडणारे सलीमभाई स्क्रीनवरचा फोटो मोठा करून बघत राहिले.

"काका, एक बार और निकालते." आवाज फार हळू.

"श्वास घ्या… रोखा."

मशीनचा बारीक आवाज झाला. मी दचकलेसुद्धा नाही.

"सोडा, काका."

बाबांनी सोडला. खूप वेळ खोकले. मग मागं वळून काचेतून माझ्याकडं बघितलं.

"माय, माझं झालं. तू बी सोड की आता!"